खाचांचा हिशेब

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी खाली उतरली, की घरोघरी एक छोटीशी चौकशी-समिती बसते. तांब्याला पोचा कुणी आणला? बशीचा टवका कधी उडाला? नव्या ताटावर हा चरा कशाचा? यंदा आमच्याकडे ही समिती बसली, तेव्हा चिरंजीव स्टुलावर उभे राहून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर पाहत होते. "अरे, भांडी उतर आधी, स्कोअर नंतर बघ," आतून आवाज आला. मी म्हटले, "अगं, हा ताटावरचा चरा आणि तो स्कोअर एकाच कुळातले आहेत!" माझ्याकडे नेहमीच्या नजरेने पाहण्यात आले.

पण मी थट्टा करत नव्हतो. 'स्कोअर' हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून, आणि तिथे त्याचा अर्थ होता खाच. मोजताना विसाव्या नगाला काठीवर एक खाच पाडायची, म्हणून स्कोअर म्हणजे वीस. आपल्या 'कोडी'चा हा विलायती भाऊ. गुत्तेवाला गिऱ्हाइकाच्या उधारीच्या रेघा ओढी, तोही स्कोअरच. अठराव्या शतकात इंग्लंडात क्रिकेटची धाव झाली, की गुणलेखक काठीवर सुरीने खाच पाडी, आणि धावांना सरळ 'नॉच', म्हणजे खाचाच, म्हणत.

आमच्या मराठीत खाच, खोबण, चरा, ओरखडा, पोचा, टवका, भेग असे शब्द काही थोडे नाहीत. परंतु ते बहुतेक भांड्यावर, भिंतीवर नाहीतर गुडघ्यावर राहिले. इंग्रजीतले त्यांचे सोबती मात्र थेट खजिन्यात जाऊन बसले.

कॉमर्सची मुले हिशेबासाठी 'टॅली' नावाची संगणकप्रणाली शिकतात. टॅली म्हणजे मुळात लॅटिनमधली तोडलेली काटकी. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात मध्ययुगापासून पावती म्हणून अशी काठीच देत. खाचांची मापे ठरलेली होती. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. आणि पेनीला लाकूड न काढता नुसता एक चरा. मग ती काठी उभी चिरायची. लांब तुकडा पैसे भरणाऱ्याकडे, आखूड खजिन्याकडे. लांब तुकड्याचे नाव 'स्टॉक'. शेअरबाजारातल्या स्टॉकचा माग पुष्कळ जण इथपर्यंत नेतात. हिशेबाच्या वेळी दोन्ही तुकडे जोडून पाहायचे. कुणी मागाहून एक खाच वाढवली, तर दुसऱ्या तुकड्यावर ती असणार कुठून? अक्षरशत्रूलाही बोटांनी चाचपून खातरजमा करता येई. मला तर आमच्या छापील पावत्यांपेक्षा ही काठी अधिक प्रामाणिक वाटते.

1782 मध्ये पार्लमेंटने ही पद्धत बंद करण्याचा कायदा केला, पण प्रत्यक्षात ती 1826 पर्यंत रेंगाळली. सरकारी काम! पुढे साठलेल्या जुन्या काठ्यांचे करायचे काय, हा प्रश्न आला. त्या गोरगरिबांना जळणाला देण्याऐवजी 16 ऑक्टोबर 1834 रोजी लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत घातल्या. भट्ट्या अतोनात तापल्या आणि त्या रात्री पार्लमेंटची दोन्ही सभागृहे जळून खाक झाली. चार्ल्स डिकन्सने 1855 मध्ये एका भाषणात या कारभाराची मनसोक्त टर उडवली.

आता मोटारीच्या 'डेंट'कडे वळू. हा शब्द 'दन्त'वरून आला असेल असे आमच्यासारख्या संस्कृताभिमान्यांना चटकन वाटते. तसे नाही. डेंट म्हणजे मुळात तडाखा. तडाख्याने पडलेला तो पोचा. दाताचा खरा वारस आहे 'इंडेंट'. लॅटिनमधला दात आणि आपला दन्त सख्खे भाऊ. कचेरीत सामान मागवायला इंडेंट पाठवणाऱ्या कारकुनाला आपण दात पाठवतो आहोत याची कल्पनाही नसते!

त्याचे असे झाले. पूर्वी इंग्लंडात करारपत्र एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहीत आणि मधून दातेरी कापून दोन पक्षांना एकेक भाग देत. दाते दात्यांत बसले, तर करार खरा. अशा पत्राला म्हणत 'इंडेंचर'. काठीचीच युक्ती ही, फक्त चामड्यावर आलेली. 1845 च्या कायद्याने प्रत्यक्ष दाते कापण्याची गरज राहिली नाही. नाव तेवढे उरले.

आणि ते नाव समुद्रापार गेले. पार्लमेंट जळाल्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन मॉरिशसला पोचले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये. या मजुरांना इंग्रजीत म्हणतात 'इंडेंचर्ड'. पुढे मुंबई बंदरातून आपल्या कोकणातली माणसेही तिकडे गेली. आपण त्यांना 'करारबद्ध मजूर' म्हणतो. अर्थ बिनचूक आहे, पण त्यातला दात गेला, आणि मला तोच खटकतो. दातेरी कागदाचा सारा मुद्दा हा, की दोघांच्या हाती सारखाच पुरावा असावा. इथे कागदाची भाषा मळेवाल्याची, आणि वाचता न येणाऱ्या मजुराचा नुसता अंगठा. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिले, तर दोन दिवसांची मजुरी कापत. त्याला तिथे नाव होते 'डबल कट'.

चिरंजीव एव्हाना स्टुलावरून उतरले होते. मोबाइल खिशात गेला होता. "बाबा, ती कोकणातली माणसं परत आली का?" त्याने विचारले. काही आली, पुष्कळ तिथेच राहिली, मी म्हटले. त्यांच्या वंशजांची गणेशचतुर्थी आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.

पोचा आलेला तांब्या मात्र अजून ओट्यावर तसाच आहे. तो कुणी पाडला, हे समितीला कळलेले नाही.