मिनिटांचा नकाशा

थांब्यावर सरासरी दर दहा मिनिटांनी एक बस येते, असं धरा. तुम्ही घड्याळ न बघता कधीतरी येऊन उभे राहता. सरासरी किती वेळ थांबावं लागेल? पाच मिनिटं, असं कुणीही सांगेल, आणि बस काट्यावर चालत असतील तर ते खरंही आहे. आता त्याच बस जरा बेशिस्त होऊ द्या. एक गेली की दोन मिनिटांत दुसरी, मग अठरा मिनिटं रस्ता मोकळा, पुन्हा दोन, पुन्हा अठरा. तासाला बस तेवढ्याच, सहा. सरासरी अंतरही तेच, दहा मिनिटं. पण तुमचं थांबणं मात्र सरासरी आठ मिनिटांच्या वर जातं. कारण वीस मिनिटांच्या फेऱ्यातली अठरा मिनिटं त्या लांब पोकळीची आहेत आणि तुम्ही तिच्यात सापडण्याची शक्यता दहात नऊ. बस पूर्ण लहरीवर येऊ लागल्या, तर सरासरी थांबणं थेट दहा मिनिटांवर पोचतं. ‘मी आले की नेमकी बस नसते’ या तक्रारीला गणिताचा असा भक्कम पाठिंबा आहे.

आणि बस जोडीनं येतात यात ड्रायव्हरचा दोष फारसा नसतो. एखादी बस सिग्नलला जरा अडकली, की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात. ती चढेपर्यंत बस आणखी मागं पडते. तिच्या मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती भराभर पुढं येते आणि शेवटी पहिलीला गाठते. १९६४ साली नेवेल आणि पॉट्स या दोघांनी हे गणितात मांडलं. त्यांनी दाखवलं ते असं, की वेळापत्रक आपणहून विस्कटत जातं. ते टिकवायचं तर मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळू लागलं ते भाचीमुळं. तिला भोपाळच्या एम. पी. नगरात नोकरी लागली. कार चालवायची नाही, हे तिचं पक्कं. येत नाही असं नाही, चालवायची नाही. तिनं फोनवर विचारलं, ‘मावशी, अयोध्या नगरात भाडं झेपतंय गं, पण रोजचं जाणं-येणं झेपेल का?’

नोकरीसाठी घर शोधताना आपण नकाशा उघडतो आणि किलोमीटर मोजतो. कारवाल्याचं त्यावर भागतं. बिनकारवाल्याला वेगळाच नकाशा लागतो, मिनिटांचा. आणि आपल्याकडं बिनकारवाले हाच नियम आहे. २०११च्या जनगणनेत विचारलं गेलं की कामाला किती लांब जाता आणि कशानं जाता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांत कारनं जाणारे तीन टक्क्यांच्याही आत निघाले. पायी जाणारे वीस टक्क्यांहून जास्त. शहरांचे रस्ते मात्र या तीन टक्क्यांच्या सोयीनं आखले जातात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मिनिटांचा असा नकाशा फ्रान्सिस गॉल्टननं १८८१ साली काढला. लंडन मध्यभागी आणि जग रंगांच्या पट्ट्यांत वाटलेलं: इतक्या दिवसांत इथवर पोचाल, त्याहून जास्त दिवसांत तिथवर. अंतराचा नकाशा गोल वर्तुळांचा असता. गॉल्टनचे पट्टे मात्र रेल्वे आणि बोटींच्या वाटांनी लांबवर पसरतात आणि जिथं वाट नाही तिथं लंडनजवळही आखडतात. आपल्या कचेरीभोवती असाच पट्टा काढला तर तो पाखराच्या उडण्यासारखा सरळ न जाता शेवग्याच्या शेंगांसारखा रस्त्यारस्त्यानं लोंबतो. घर शोधायचं ते या शेंगांत.

पण पट्टा किती मिनिटांचा काढायचा? इथं एक थक्क करणारी गोष्ट आहे. याकोव्ह झहावी या वाहतूक अभियंत्यानं १९७०च्या दशकात निरनिराळ्या देशांतले आकडे जमवले. माणसं रोज सरासरी साधारण तासभर प्रवासात घालवतात असं त्यातून दिसत होतं. देश गरीब असो की श्रीमंत, वाहन वेगवान असो की संथ. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यानं १९९४ साली हाच धागा इतिहासात मागं नेला. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. पायी चालणाऱ्याला अर्ध्या तासात अडीच किलोमीटर होतात, आणि जुनी तटबंदीची शहरं बहुतेक तेवढ्याच त्रिज्येत बसतात. भोपाळचा जुना परकोट त्यात सहज मावतो, आपल्या पुण्याच्या पेठाही मावतात. वेग वाढला की माणसानं वेळ वाचवला नाही, घर लांब नेलं. मुंबईत १६ एप्रिल १८५३ला ठाण्यापर्यंत गाडी धावली, तिची पुढची कहाणी कर्जत-कसारा-विरारला विचारा. अर्थात हे सरासरीचं बोलणं झालं. विरारकराला अर्ध्या तासाची गोष्ट सांगायला मी जाणार नाही.

अयोध्या नगर भोपाळच्या पूर्व अंगाला, अयोध्या बायपासच्या कडेला आहे. बायपासचं एक टोक रायसेन रोडवरच्या रत्नागिरी तिराह्याला, म्हणजे तिठ्याला, मिळतं. (कोकणी माणसाला इथं घरची आठवण येते, पण समुद्र शोधू नये.) दुसऱ्या बाजूनं तो शहराला वळसा घालत गांधीनगरच्या, म्हणजे विमानतळाच्या दिशेनं जातो. जवळच गोविंदपुऱ्याची औद्योगिक वसाहत आणि भेलचा कारखाना.

भेलची गोष्ट तर या विषयाचा आरसाच आहे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून हा कारखाना भोपाळमध्ये ठरला आणि ६ नोव्हेंबर १९६०ला नेहरूंनी त्याचं लोकार्पण केलं. ज्यांनी तो आखला त्यांनी कामगारांना ‘घर बघा’ असं सांगितलं नाही. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा वसाहती कारखान्याच्या कडेलाच वसवल्या. गिरणगावातल्या चाळींनी जे गर्दीनं आणि गरजेनं साधलं, ते इथं आराखड्यानं साधलं: भोंग्याच्या हाकेत घर. भाचीची नोकरी भेलमध्ये असती तर हा लेख चार ओळींत संपला असता. अयोध्या नगरातून सायकल मारायची आणि कामाला लागायचं. भोपाळला सायकलीचं वावडं नाही. २०१७ साली इथं भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या, तेव्हा देशात ती नवलाई होती.

पण नोकरी एम. पी. नगरात. म्हणजे आधी घरापासून थांबा, मग वाहन, मग थांब्यापासून कचेरी. यातला पहिला तुकडा माणसं हमखास कमी धरतात. जपानमध्ये घराच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं मनाला येईल तसं छापता येत नाही. नियम आहे: ८० मीटर म्हणजे एक मिनिट, आणि वरचे सुटे मीटर पूर्ण मिनिट धरायचे. आपल्याकडच्या दलालाला हा नियम लावला तर निम्म्या जाहिराती बंद पडतील. शिवाय हे मीटर चालायच्या वाटेचे. नकाशावर बोट ठेवून मोजलेलं सरळ अंतर निराळं. चौकोनी गल्ल्यांच्या वसाहतीत सगळ्या दिशांचा विचार केला तर चालणं सरळ अंतराच्या सरासरी १.२७ पट होतं. हा आकडा म्हणजे चार भागिले पाय. वर्तुळातला तो पाय, काटकोनी गल्लीत, दूध आणायला निघालेल्या माणसाच्या पायाखाली! आणि वसाहतीला कुंपण घालून एकच गेट ठेवलं असेल तर हे गणितही कोलमडतं. मागच्या भिंतीपलीकडं थांबा दिसतो आणि पुढच्या गेटानं वळसा घालून दहा मिनिटांनी तिथं पोचावं लागतं. म्हणून भाचीला पहिलं काम सांगितलं ते हे: घर बघायच्या आधी त्या सोसायटीचं गेट कुठल्या रस्त्यावर उघडतं ते बघ.

दुसरं, तिराहा. समजा, बायपासवरून शहरात जाणारं वाहन अर्ध्या तासाला एक मिळतं आणि रायसेन रोडवरून येणारं वीस मिनिटांना एक. घर बायपासवर आत असेल तर तुमच्या वाट्याला पहिलंच. दोन्ही जिथं एकत्र होतात त्या तिराह्याच्या पलीकडं घर असेल तर तासाला पाच. नदीकाठी राहायचं तर संगमाच्या खालच्या अंगाला, असाच हा हिशेब. भाडं मात्र किलोमीटरवर ठरतं, फेऱ्यांवर फारसं ठरत नाही. बिनकारवाल्याला घासाघीस न करता मिळणारी सूट इथं दडलेली असते. वाहतुकीचा अभ्यास करणारे थांब्यावरचं एक मिनिट गाडीत बसलेल्या साधारण दोन मिनिटांइतकं जड धरतात. उगाच नाही, माणसाला ते तसंच जाणवतं.

भोपाळमध्ये पूर्वी याला आणखी एक पदर होता. काळे, पुढं एकच चाक असलेले, लांब नाकाडाचे टेंपो. भोपाळी लोक त्यांना बिनधास्त ‘भट सुअर’ म्हणत. गंमत अशी की हे वाहन पुण्याचं: फिरोदियांची बजाज टेंपो ते हॅम्बुर्गच्या कंपनीच्या परवान्यानं बनवी. त्याला वेळापत्रक नसे. भरलं की निघे. आजची शेअर वाहनंही तशीच वागतात. याचा परिणाम मोठा मजेशीर. जिथून गाडी सुटते तिथं भरेपर्यंत थांबावं लागतं, पण जागा नक्की. मधल्या थांब्यावर गाड्या एकामागून एक जाताना दिसतात आणि सगळ्या भरलेल्या. डोंबिवलीकर आधी उलटं कल्याणला जाऊन मग मुंबईकडं का निघतो, हे ज्याला कळलं त्याला अधिक सांगायला नको.

मग आली मेट्रो. २०२५च्या डिसेंबरात भोपाळची पहिली मेट्रो सुरू झाली, सुभाष नगर ते एम्स, सुमारे ७ किलोमीटर, आठ स्थानकं. एम. पी. नगर आणि राणी कमलापती ही त्यातच. अयोध्या नगर त्यात नाही. त्याच्या वाट्याची आहे ती निळी मार्गिका, भदभदा चौराहा ते रत्नागिरी तिराहा, आणि तिचं काम अजून चालू आहे. पुल बोगदा या ठिकाणी ती पहिल्या मार्गिकेला छेदणार. वेगाचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण मला खुणावलं ते दुसरंच. सुरुवातीच्या वेळापत्रकात दोन गाड्यांमध्ये तासाभराहून जास्त अंतर होतं. इतक्या अंतरावर धावणारी मेट्रो म्हणजे मेट्रोच्या डब्यात बसलेली एस. टी. रूळ कितीही चकचकीत असोत, मिनिटांच्या नकाशावर त्या मार्गिकेची शेंग बारीकच उमटणार. फेऱ्या वाढतील तशी ती जाड होईल.

एखाद्या बसमार्गाच्या भरवशावर घर विकत घ्यावं का, या प्रश्नावर मी भोपाळचाच दाखला देईन. बैरागढ ते मिसरोद, २४ किलोमीटरचा बसचा स्वतंत्र पट्टा २०१३ साली सुरू झाला आणि २०२४मध्ये उखडायला घेतला. अकरा वर्षं. गृहकर्ज त्याहून लांब चालतं. रूळ इतके सहज उखडत नाहीत, पण ते कधी येतील याचाही नेम नाही. तोवर भाड्यानं राहणं शहाणपणाचं.

उरला बाहेरगावचा प्रवास, कारण भाचीला महिन्यातून एखादी दिल्लीवारी आहे. वंदे भारतनं रात्री राणी कमलापती स्टेशनला उतरल्यावर शहर निम्मं मिटलेलं असतं आणि मिनिटांचा नकाशा आकसतो. दिवसाच्या पाऊण तासाच्या घराला रात्री पोचायचं तर रिक्षावाल्याच्या मर्जीचा भाव. महिन्यातून एखादवेळ असेल तर तो भाव मोजावा आणि विसरावा. आठवड्याला दोनदा असेल तर अयोध्या नगर सोडून स्टेशनाजवळच बघावं, असं माझं स्पष्ट मत. विमानानं जाणाऱ्याचं गणित उलटं आहे, त्याला बायपास सोयीचा.

रत्नागिरी तिराहा हे निळ्या मार्गिकेचं टोक असणार, ही गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. टोकाचं स्थानक म्हणजे शहरापासून लांब, असं लोक नाक मुरडतात. पण तिथून गाडी रिकामी सुटते आणि सकाळच्या गर्दीत बसायला जागा मिळते. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘मावशी, ती कधी येईल तेव्हा येईल गं.’ तिनं खोली घेतली ती तिराह्याच्या अंगाची. भाडं आतल्या गल्ल्यांपेक्षा थोडं जास्त पडतं, गेट रस्त्यावर उघडतं, आणि दोन्ही रस्त्यांवरची वाहनं आजच मिळतात.