‘सेल्सवाल्याला कसला आलाय कायदा?’

महिनाअखेरीला घाटकोपर-मुलुंडच्या स्टॉकिस्टकडे माल ढकलला जातो. पुढच्या महिन्यात त्यातला बराचसा परत येतो आणि उणे विक्री एमआरच्या, म्हणजे औषध प्रतिनिधीच्या, नावावर चढते. असे दोन-तीन महिने गेले की अंधेरीच्या ऑफिसातून बोलावणं येतं. लॅपटॉप आणि सिमकार्ड टेबलावर ठेवायला लावतात आणि वर आपुलकीनं सुचवतात, ‘राजीनामा टाक, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देतो.’ बाहेर आल्यावर सहकारी पाठीवर हात ठेवून जे सांगतात, त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

‘सेल्सवाला कामगारच नसतो, लेबर कमिशनरकडे जाऊन काय उपयोग?’ हे त्यातलं सगळ्यात जुनं वाक्य. त्यामागे खरा इतिहास आहे, म्हणूनच ते टिकलंय. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अंगमेहनतीचं, कुशल, तांत्रिक, कारकुनी वगैरे काम करणाराच ‘कामगार’ होता. डॉक्टरसमोर औषधाचं डिटेलिंग करणं यात कुठे बसतं? कुठेच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं १९९४ मध्ये अड्यंताया विरुद्ध सँडोझ या खटल्यात सांगितलं. औषध प्रतिनिधींसाठी हा निकाल जबर धक्का होता.

पण लोक निकालाचा अर्धाच भाग सांगतात. १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी संसदेनं वेगळा कायदा केला होता आणि त्यातून औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण त्यांना मिळालं होतं. आधी त्याला पगाराची मर्यादा होती, ती ६ मे १९८७ पासून गेली. हे संरक्षण त्याच घटनापीठानं मान्य केलं. महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याचं दार मात्र या निकालानं बंद झालं. ते राज्यानं १९९९ च्या दुरुस्तीनं उघडलं. २०११ मध्ये केंद्रानं १९७६ चा कायदा औषधांपलीकडे सौंदर्यप्रसाधनं, तयार कपडे, शीतपेयं, बिस्किटं, वाहनं, इलेक्ट्रॉनिक्स, रंग अशा उद्योगांनाही लावला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर ‘कामगार’ या व्याख्येतच विक्री संवर्धन कर्मचारी आहेत. घर, विमा किंवा कर्ज विकणाऱ्याला मात्र उद्योगांच्या या यादीचा आधार सहसा मिळत नाही. त्याला करारावर विसंबून दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागावी लागते आणि ती बहुधा नोटीस-पगाराच्या आसपासच थांबते. हे अन्यायाचं आहे, पण आज स्थिती अशी आहे.

‘कार्डावर एरिया मॅनेजर छापलंय, म्हणजे मी मॅनेजमेंटचा.’ असं आपोआप होत नाही. प्रत्यक्ष मुख्य काम काय, ते पाहिलं जातं. हाताखाली एकही माणूस नाही, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, दिवसभर दुकानं आणि दवाखाने फिरायचे, असा ‘मॅनेजर’ नुसत्या हुद्द्यानं व्यवस्थापकीय ठरत नाही. मात्र ही तलवार दुधारी आहे. करोना साहू या बूट कंपनीच्या खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हाच निकष लावला आणि दुकान चालवणारा कर्मचारी हरला, कारण त्याचं काम खरोखरच व्यवस्थापनाचं निघालं. देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार १८,००० रुपयांवर असेल, तर तोही नव्या संहितेच्या ‘कामगार’ व्याख्येबाहेर जातो.

‘टार्गेट चुकलं की कंपनी काढणारच, महिन्याचा पगार हातावर ठेवला की संपलं.’ नाही संपत. शिक्षा म्हणून नव्हे तर अन्य कारणानं काढलं, की ते सहसा कामगार कपात ठरतं. वर्षभराची सलग सेवा झालेल्या कामगाराला कारण लिहिलेली एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई.

गैरवर्तनाचा ठपका असेल तर आरोपपत्र आणि चौकशी हवी. एमआरवरचा नेहमीचा आरोप म्हणजे ‘बोगस कॉल’, म्हणजे डॉक्टरला न भेटताच डेली कॉल रिपोर्ट भरला. ‘तुमचं रिपोर्टिंग संशयास्पद आहे’ एवढ्यानं भागत नाही; कोणत्या तारखेला, कोणता डॉक्टर, पुरावा काय, हे सांगावं लागतं. त्याच तारखेला एएसएमचं, म्हणजे तुमच्या वरिष्ठाचं, तुमच्यासोबत जॉइंट वर्क नोंदलेलं असेल, तर मग भेट झालीच नाही कशी, हे त्याला उलटतपासणीत जरूर विचारा. पण चौकशी झाली नाही म्हणजे खटला खिशात, असंही समजू नये. मालक तोच आरोप न्यायाधिकरणापुढे नव्यानं सिद्ध करू शकतो.

राजीनाम्याचं प्रकरण सगळ्यात नाजूक. दबावाखाली दिलेला राजीनामा खरा राजीनामा नव्हे, पण दबाव होता हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव कुणी मानत नाही. त्याच संध्याकाळी स्वतःच्या ईमेलवरून पाठवलेला निषेध पुरावा ठरतो. बोरिवलीच्या माणसाची बदली अचानक गुवाहाटीला होते, तीही याच खेळातली खेळी. तिथेही घरी बसून राहू नका, लेखी हरकत घ्या, नाहीतर ‘स्वतःच नोकरी सोडून गेला’ असा शेरा बसतो.

‘फुल अँड फायनल तीन महिन्यांनी मिळतं’ ही कंपन्यांची सवय आहे, कायदा नव्हे. वेतन संहितेनुसार काढलेल्याचा आणि राजीनामा दिलेल्याचाही राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत द्यायचा असतो. हे सेल्समधल्या सगळ्यांना लागू आहे, अगदी मॅनेजरलाही. आणि बडतर्फी बेकायदा ठरली तर मधल्या काळाचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात म्हटलंय. फक्त त्या काळात दुसरीकडे कमाई नव्हती, हे आधी आपल्याला सांगावं लागतं.

आता मुदती. औद्योगिक संबंध संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी प्रकरण हाती घेत नाही, आणि समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचं असतं. समेटासाठीचा अर्ज वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, टार्गेटचे मेल, कॉल रिपोर्ट यांच्या प्रती मात्र लॅपटॉप हातात असतानाच काढून ठेवा. वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.