घोडा मागे का येतो?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सुमारे 15 मीटर व्यासाचे, उंच कुंपणाचे एक गोल रिंगण आहे. त्यात एक तरुण घोडा मोकळा सोडला आहे. त्याच्या पाठीवर आजवर खोगीर चढलेले नाही. रिंगणाच्या मधोमध उभा असलेला माणूस दोराची गुंडाळी घोड्याच्या दिशेने भिरकावतो, नजर रोखतो आणि घोडा कुंपणाच्या कडेने धावू लागतो. काही फेऱ्यांनंतर घोड्याचा आतल्या बाजूचा कान माणसाकडे वळतो, मान खाली येते, तोंड चघळल्यासारखे हलू लागते. मग माणूस नजर काढून घेतो, खांदे सैल सोडतो आणि पाठ फिरवून उभा राहतो. घोडा थांबतो. थोड्या वेळाने आपणहून चालत येतो आणि माणसाच्या खांद्याशी नाक नेतो. माणूस चालू लागला की तोही मागोमाग चालतो. अर्ध्या तासात खोगीर चढते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

माँटी रॉबर्ट्स या अमेरिकी अश्वशिक्षकाने 1989 साली इंग्लंडच्या राणीपुढे विंडसर येथे असे प्रयोग करून दाखवले. 1996 साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि ही पद्धत जगभर पोचली. त्याआधीच अमेरिकेच्या पश्चिम भागात टॉम डॉरन्स, त्यांचे थोरले बंधू बिल डॉरन्स आणि रे हंट यांनी घोड्यांना मारून वठणीवर आणण्याऐवजी समजून घेऊन शिकवण्याची परंपरा रुजवली होती. या साऱ्या प्रवाहाला पुढे 'नॅचरल हॉर्समनशिप' हे नाव पडले. घोड्यावर बसण्यापूर्वी त्याच्याबरोबर जमिनीवर उभे राहून करायचे शिक्षण हा तिचा पाया आहे.

ही कल्पना अगदी नवी आहे असे मात्र नाही. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, असे ग्रीक लेखक झेनोफोन याने सुमारे 2400 वर्षांपूर्वी बजावले होते. तरीही जगात बहुतेक ठिकाणी घोडा 'मोडण्याची'च रीत होती. आपल्याकडे घोडा तयार करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत, यातच सर्व आले.

रिंगणातला घोडा माणसामागे आला, याचा अर्थ त्याचा माणसावर विश्वास बसला, असे सांगितले जाते. हे खरे आहे का? आणि ते तपासायचे कसे?

पळणारा प्राणी

घोडा हा गवत खाणारा, कळपात राहणारा आणि संकट येताच पळणारा प्राणी आहे. शिंग नाही, शिकारी प्राण्यांसारखे सुळे नाहीत. लाथ आहे, पण ती शेवटचा उपाय. आधी पळायचे आणि मग वळून पाहायचे, हे धोरण ज्यांनी पाळले त्यांचीच संतती टिकली. म्हणूनच शिंगरू जन्मल्यावर काही तासांतच आईबरोबर धावू शकते.

त्याची ज्ञानेंद्रिये याच कामासाठी घडलेली आहेत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे 350 अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो. थेट पाठीमागची एक अरुंद पट्टी आणि कपाळासमोरचा, नाकाखालचा थोडासा भाग एवढेच त्याला दिसत नाही. घोड्याच्या मागून जाऊ नये आणि एकदम कपाळाला हात लावू नये, या सूचनांचे कारण हेच. निळा आणि पिवळा हे रंग त्याला वेगळे ओळखू येतात. लाल आणि हिरवा यांत मात्र गोंधळ होतो. कान स्वतंत्रपणे वळतात, त्यामुळे त्याचे लक्ष कोठे आहे हे कानांवरून कळते. त्वचा इतकी संवेदनक्षम असते, की एक माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरवून तो तिला उडवतो.

माशीचा भार ज्याला जाणवतो, त्याला आपला हात, दोर आणि टाच किती मोठ्याने 'ऐकू' येत असतील याचा विचार करा. घोड्याला शिकवताना जोर कमी पडतो असे सहसा होत नाही. चुकतो तो जोर लावण्याचा आणि काढून घेण्याचा क्षण.

दाब आणि सुटका

जमिनीवरच्या शिक्षणातला पहिला धडा साधा असतो. घोड्याच्या डोक्यावर मोहरकी चढवायची आणि दोर हलकेच पुढे ओढून धरायचा. घोडा गोंधळतो. मान वर करतो, बाजूला वळवतो. दोराचा ताण तेवढाच ठेवायचा. वाढवायचा नाही आणि सोडायचाही नाही. कधीतरी घोडा एक पाऊल पुढे टाकतो, किंवा नुसता वजन पुढे झुकवतो. त्याच क्षणी दोर पूर्ण सैल सोडायचा. चारदोन वेळा असे झाले की ताण जाणवताच घोडा पाऊल उचलतो. काही दिवसांनी दोर ताणावाही लागत नाही, हात उचलणेच पुरेसे होते. मागे सरकवणे, मागचे पाय बाजूला घ्यायला लावणे, मान खाली घ्यायला लावणे हे सारे याच रीतीने शिकवतात.

मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. येथे 'ऋण' म्हणजे वाईट नव्हे, तर वजाबाकी. नकोशी गोष्ट काढून घेतल्यामुळे एखादे वर्तन बळावते, तेव्हा ते ऋण प्रबलन. हवीशी गोष्ट दिल्यामुळे बळावते, तेव्हा धन प्रबलन. उदाहरणार्थ गाजराचा तुकडा. शिक्षा ही याहून वेगळी गोष्ट आहे. प्रबलनाने वर्तन वाढते, शिक्षेने ते घटते. पाठ्यपुस्तकांतही या संज्ञांची गल्लत होते, म्हणून शिक्षकांनी हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा.

यात शिकवतो तो दाब नव्हे, सुटका. दाब घोड्याला फक्त हालचाल करायला लावतो. कोणती हालचाल बरोबर हे त्याला सुटकेच्या क्षणी कळते. सुटका दोन-तीन सेकंद उशिरा झाली, तर तोवर घोड्याने मान उडवलेली असते आणि तो मान उडवायलाच शिकतो. पाऊल पुढे टाकल्यावरही दोर ताणलेलाच राहिला, तर काही केले तरी फरक पडत नाही, एवढाच धडा मिळतो.

बुजणे कसे जाते

काही वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी विद्यार्थ्यांबरोबर गेलो असताना एक घटना पाहिली. वाऱ्याने उडालेली प्लॅस्टिकची पिशवी रस्त्यात आली आणि एका मुलीला घेऊन चाललेला घोडा बुजून बाजूला उडाला. मुलगी कशीबशी सावरली. घोडेवाल्याने घोड्याला दोन फटके लगावले. परतताना तीच पिशवी झुडपाला अडकलेली होती. या वेळी घोडा वीस पावले अलीकडेच अडला. घोडेवाला म्हणाला, "मस्ती आलीय, साहेब."

घोड्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ होता. पिशवी दिसली आणि पाठोपाठ वेदना झाली. म्हणजे पिशवी धोकादायक आहे हा त्याचा अंदाज बरोबरच निघाला! पाव्हलॉव्हच्या कुत्र्याने घंटा आणि अन्न यांची सांगड घातली, तशीच या घोड्याने पिशवी आणि चाबूक यांची घातली.

मग बुजणे घालवायचे कसे? काठीला पिशवी बांधून ती घोड्यापासून इतक्या अंतरावर हलवायची, की त्याचे कान टवकारतील पण पाय हलणार नाहीत. तो शांत झाला, मान खाली आली, की काठी दूर न्यायची. मग थोडे जवळून. हळूहळू पिशवी खांद्याला, पाठीला, पायांना लावायची. याला सरावाने भीती ओसरणे म्हणता येईल. घोडा उधळत असतानाच काठी मागे घेतली, तर उधळल्याने पिशवी जाते हे तो शिकेल. येथेही सारे सुटकेच्या क्षणावर अवलंबून असते.

हे काम दोन्ही बाजूंनी करावे लागते. घोड्याचा एक डोळा पाहतो ते दुसऱ्याला कळत नाही, अशी जुनी समजूत होती. कॅलिफोर्नियातील संशोधिका एव्हलिन हँगी यांनी 1999 साली प्रयोगाने दाखवले, की एका डोळ्याने शिकलेले घोड्याला दुसऱ्या डोळ्यानेही ओळखता येते. पण तीच वस्तू दुसऱ्या बाजूने वेगळी दिसते, म्हणून दोन्ही बाजूंचा सराव उपयोगी पडतो. शिक्षकांचा अनुभव खरा होता, त्याचे स्पष्टीकरण चुकीचे होते. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे.

रिंगणातले कोडे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रॉबर्ट्स यांच्या म्हणण्यानुसार ते घोड्यांच्या भाषेत बोलतात. कळपातली वडीलधारी घोडी उनाड शिंगराला कळपाबाहेर हाकलते आणि ते नमले की परत घेते. माणूस रिंगणात तेच करतो. हे स्पष्टीकरण आकर्षक आहे. पण त्याहून साधे स्पष्टीकरणही शक्य आहे. माणसापासून दूर असले की धावावे लागते, जवळ आले की धावपळ थांबते. म्हणजे येथेही दाब आणि सुटका. गोल रिंगणाला कोपरा नसतो, पळून जायला वाट नसते. श्रम टाळायचे तर माणसाशेजारची जागाच उरते.

या दोहोंतले बरोबर कोणते, हे ठरवायला सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी 2012 साली एक गमतीदार युक्ती वापरली. रिंगणात माणसाऐवजी त्यांनी दूरनियंत्रकाने चालणारी खेळण्यातली मोटार ठेवली. घोड्याने पाठ फिरवली की मोटार त्याच्या मागे लागे. तो मोटारीकडे वळला की ती थांबे. घोडे मोटारीकडे वळायला आणि तिच्यामागे चालायलाही शिकले. मोटारीला घोड्यांची भाषा येत नव्हती आणि कोणताही घोडा तिला कळपाची प्रमुख समजला असेल असे वाटत नाही. त्याआधी 2007 साली जर्मनीतील कोन्स्टान्झे क्र्यूगर यांना आढळले होते, की रिंगणात माणसामागे चालणारे घोडे मोकळ्या कुरणात तसे वागत नाहीत. चघळल्यासारखे तोंड हलवणे म्हणजे शरणागती, हा समजही आता मागे पडला आहे. ताण ओसरताना ही हालचाल दिसते.

याचा अर्थ ही पद्धत खोटी आहे असा नाही. चाबकापेक्षा ती कितीतरी बरी आहे. पण घोडा मागे आला एवढ्यावरून विश्वास सिद्ध होत नाही.

येथे एक धोकाही आहे. दाब सतत राहिला आणि काही केल्या सुटका मिळाली नाही, तर प्राणी प्रयत्न करणेच सोडून देतो. सेलिगमन आणि मायर यांनी 1967 साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवलेली ही अवस्था अर्जित असहायता म्हणून ओळखली जाते. तसा घोडा वरवर अगदी शांत दिसतो. निर्धास्त घोडा आणि हताश घोडा यांत फरक न कळणाऱ्या माणसाने त्याच्या पाठीवर मूल बसवणे हे घोड्यासाठी वाईट आणि मुलासाठी घातक आहे.

विश्वास मोजता येतो का?

विश्वास थेट मोजता येत नाही, पण त्याच्या खुणा मोजता येतात. विश्रांतीच्या वेळी घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण 28 ते 44 वेळा धडधडते. भीतीने हा वेग झपाट्याने वाढतो. घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तेथे, दातांनी खाजवतात. त्याच जागी माणसाने खाजवले तर घोड्याचा हृदयाचा वेग कमी होतो, असे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. तोंडावर थापट्या मारून कौतुक करण्यापेक्षा खरारा करताना तेथे दोन मिनिटे जास्त दिलेली बरी. फ्रान्समधील संशोधकांनी खाऊ देऊन शिकवलेल्या घोड्यांची तुलना इतरांशी केली, तेव्हा खाऊवर शिकलेले घोडे काही महिन्यांनंतरही माणसाजवळ आपणहून अधिक येत होते. दोर नसताना, वाट मोकळी असताना घोडा जवळ येतो का, ही खरी कसोटी.

घोडा आपल्याला किती बारकाईने वाचतो, याचे पुरावे जुनेच आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे खूर आपटून देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 साली दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सही चुकतो. बरोबर आकडा आला की प्रश्नकर्त्याच्या डोक्याची नकळत किंचित हालचाल होई आणि हान्स ती टिपत असे. 2009 साली स्वीडनमधील लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोडा घेऊन चालणाऱ्यांना सांगण्यात आले, की पुढच्या फेरीत घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचा वेग वाढला आणि घोड्यांचाही वाढला. घोड्याने काहीच पाहिले नव्हते. माणूस घाबरला, एवढेच त्याला समजले होते.

वर्गात करून पाहा

हे समजायला घोडा लागत नाही. एका विद्यार्थ्याला बाहेर पाठवा. बाकीच्यांनी एक कृती ठरवावी. उदाहरणार्थ, खिडकीजवळ जाऊन उजवा हात वर करणे. तो आत आला की काही सांगायचे नाही. ठरलेल्या कृतीच्या दिशेने एखादी हालचाल झाली, की एका मुलाने त्याच क्षणी एकदा टाळी वाजवायची. बहुतेक मुले काही मिनिटांत कृती शोधतात. दुसऱ्या फेरीत टाळी मुद्दाम तीन सेकंद उशिरा वाजवा. तिसऱ्या फेरीत बरोबर हालचालीला टाळी देऊ नका. फक्त चूक झाली की 'नाही' म्हणा. प्रत्येक फेरीला लागलेला वेळ फळ्यावर लिहा.

तिसऱ्या फेरीत एक गोष्ट पाहण्यासारखी असते. काही मुले थोड्या वेळाने हलणेच बंद करतात आणि मान खाली घालून उभी राहतात. त्यांना काय वाटले हे नंतर सर्वांसमोर विचारा. घोड्याला सांगता येत नाही, मुलांना येते. तिसरी फेरी मात्र एका मिनिटापेक्षा अधिक लांबवू नका.