संशोधन कंपनीचे, निष्कर्ष कोणाचे?

मुळशी म्हटले की धरण, भातखाचरे आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो. त्याच तालुक्यातील हिंजवडीच्या औद्योगिक वसाहतीत जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने करोनाच्या ओमायक्रॉन प्रकारावरील लस तयार केली. जून २०२३ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ३,१४० जणांवरील चाचणीचे निष्कर्ष ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झाले. साथीच्या काळात हा क्रम वावगा नव्हे, कारण औषध नियंत्रकाला आकडे आधीच सादर झालेले असतात. गावातल्या डॉक्टरला मात्र ते छापून आल्यावरच दिसतात. म्हणूनच कंपनीच्या पैशाने झालेल्या चाचणीचा वृत्तान्त कोणी लिहावा आणि त्यातले काय छापावे, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता राहत नाही.

छपाईत काय राहून जाऊ शकते, हे रोफेकॉक्सिबने दाखवले. मर्क कंपनीचे हे संधिवातावरील औषध. त्याच्या चाचणीचा निबंध नोव्हेंबर २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. हृदयविकाराचे तीन झटके त्यात नव्हते. ठरलेल्या मुदतीनंतरचे म्हणून ते वगळले, असा खुलासा कंपनीने केला. परंतु निदान दोन लेखकांना ते प्रकाशनापूर्वीच ठाऊक होते, असे संपादकांनी डिसेंबर २००५ मध्ये जाहीर केले. तोवर औषध बाजारातून गेले होते आणि भारत सरकारनेही २००४ च्या डिसेंबरात त्यावर बंदी घातली होती. त्या निबंधाच्या लाखो प्रती खुद्द कंपनीनेच विकत घेतल्या होत्या, ही गोष्ट नियतकालिकांच्या अब्रूसही शोभणारी नाही.

यावर उपाय म्हणून २००३ साली ‘गुड पब्लिकेशन प्रॅक्टिस’ ही मार्गदर्शक तत्त्वे निघाली. २०२२ मध्ये त्यांची चौथी आवृत्ती आली. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करावा. लेखकांना मूळ आकडेवारी पाहता यावी. मजकूर व्यावसायिक लेखकाने लिहिला असल्यास त्याचे नाव आणि त्याला पैसे कोणी दिले हे सांगावे. ही तत्त्वे सिद्ध करण्यात औषधउद्योगातील मंडळींचाच मोठा वाटा आहे. त्यामुळे ती व्यवहार्य आहेत. आणि पाळणे ऐच्छिक आहे, हेही त्यामुळेच.

आपल्याकडे चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. चाचणी सुरू झाली होती, एवढे आता लपत नाही. पण नोंदणी म्हणजे प्रकाशन नव्हे. नको असलेला निष्कर्ष दप्तरात पडून राहिला, तर स्वतःचा दंड सुईपुढे करणाऱ्या माणसाला ते कळणार कसे? रुग्णालयांच्या नैतिकता समित्यांना एक गोष्ट आजही करता येईल. कंपनीशी होणाऱ्या करारात प्रकाशन रोखण्याचा अधिकार कंपनीला दिला आहे काय, हे परवानगीपूर्वी तपासावे. आणि मराठी संमतिपत्रात निष्कर्ष कधी व कोठे वाचावयास मिळतील, ते तारखेनिशी लिहावे.