काय गं, आज नवीन काय?

‘लिफ्ट दुपारी २ ते ४ बंद राहील. दूधवाला उद्यापासून सहाऐवजी साडेसहाला येईल. ए विंगच्या जिन्यात कवळी सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून ऑफिसमधून घेऊन जावी.’

पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीतल्या फळ्यावरचा हा मजकूर. आता कवळीची ओळख पटवायची कशी, यावर तिथे दोन दिवस चर्चा रंगली! कुणी म्हणालं, चकली फोडून दाखवायची. कुणी म्हणालं, नुसतं हसून दाखवलं तरी पुरे. शेवटी जिची होती ती आजी रात्री आठनंतर, सगळे मालिकांसमोर बसल्यावर, हळूच येऊन घेऊन गेली. अर्थात सकाळच्या चहापर्यंत हीसुद्धा बातमी झालीच होती.

माझी मावशी तिथे राहते, म्हणून मला हे कळतं. ‘वृद्धाश्रम’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक उदास चित्र उभं राहतं. पण पुण्यात ‘अथश्री’सारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने म्हातारपणी नवं घर मांडायची कल्पना मध्यमवर्गात रुजली. मुलं कॅलिफोर्नियात नाहीतर मेलबर्नला. इथे जेवणाचा डबा मिळतो, बाथरूममध्ये धरायला दांडे असतात, बेल वाजवली की माणूस येतो. पण मावशीला विचाराल तर ती म्हणते, ‘‘दांडे काय गं, कुठेही बसवता येतात. इथे सकाळी उठल्यावर ‘काय गं, आज नवीन काय?’ असं विचारायला माणूस आहे!’’

वाड्यात हे काम नळावर व्हायचं, ओट्यावर व्हायचं. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या बरणीला बुरशी आली, सगळं दहा वाजेपर्यंत सगळ्यांना ठाऊक. मग फ्लॅट आले आणि दारं बंद झाली. गंमत म्हणजे ज्या बायकांनी ऐन उमेदीत ‘बाई, त्या वाड्यात काही खासगी म्हणून उरत नाही’ असं म्हणत फ्लॅट घेतला, त्याच आता सत्तरीनंतर पुन्हा पाच वाजता पारावर जमतात. त्यात बायकाच अधिक. २०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले १० कोटींहून अधिक लोक होते आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. यजमान गेल्यावर एकटीने राहणाऱ्या बायका या वसाहतीतही बऱ्याच आहेत.

आणि नुसत्या चकाट्या नसतात हं! ऑगस्ट २०२२मध्ये पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, ही बातमी पारावर आली तेव्हा काय धमाल उडाली! ‘बायकांना वय विचारू नये’ असं आयुष्यभर ऐकवणाऱ्या एक काकू वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी आधार कार्ड पर्समध्ये टाकून स्वारगेटला हजर. वाईला जाऊन, ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन संध्याकाळी परत! त्यांच्यापेक्षा वर्षाने लहान मैत्रीण हळहळली, ‘‘मेलं, आमच्या वडिलांनी शाळेत वय एक वर्षाने कमी लावलं!’’ मग मार्च २०२३मध्ये सगळ्याच बायकांना निम्मं तिकीट झालं. पासष्टीनंतर ते आधीपासूनच होतं, त्यामुळे पारावर फरक पडला नाही. ‘‘निदान सुनेला आता यायला सबब उरली नाही,’’ एवढीच प्रतिक्रिया. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली. ती पुन्हा सुरू झाल्याची खोटी बातमी अधूनमधून मोबाइलवर येते आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका ती दर वेळी फळ्यावर लाल खडूने खोडून काढतात.

नोव्हेंबर उजाडला की एकच विषय, हयातीचा दाखला. पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत आहोत हे दर वर्षी सिद्ध करायचं. २०१४पासून हे बोटांच्या ठशांवर होऊ लागलं. पण पन्नास वर्षं भांडी घासून, कणीक तिंबून ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या, त्यांचं काय? एका आजींची दहाही बोटं मशीनने नाकारली. ‘‘मी समोर उभी आहे, बोलतेय, भांडतेय, तरी त्याला पटेना!’’ मग २०२१पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे पारावर कुणीतरी सांगितलं आणि कुणाच्या तरी नातवाने रविवारी बसून बारा जणींचं काम करून दिलं. त्यात ‘पुनर्विवाह केला आहे का?’ असाही प्रश्न येतो. ब्याऐंशी वर्षांच्या आजींनी विचारलं, ‘‘अजून नाही, असं लिहिता येईल का रे?’’

सगळ्याच बातम्या हसण्याच्या नसतात. कुणी गेलं की फळ्यावर लिहायचं की नाही, यावर तिथे मोठा वाद झाला. ‘‘सकाळी फिरायला निघालं की आधी तेच वाचायचं का?’’ असं काही जणांचं म्हणणं. म्हणून मध्यंतरी लिहिणं बंद केलं. मग एका आजींना आपली रमीची जोडीदारीण गेल्याचं चार दिवसांनी कळलं. ‘‘मी रोज तिच्यासाठी पत्ते पिसून ठेवत होते आणि तुम्ही कुणी मला सांगितलं नाहीत!’’ त्या इतक्या रडल्या की वाद तिथेच संपला. आता लिहितात. फक्त खालच्या कोपऱ्यात, आणि नावापुढे एक ओळ. ‘यांनी सगळ्यांना मोगऱ्याची रोपं दिली होती.’

पण गेल्या वर्षी जे घडलं, त्याने मला या गप्पांची खरी किंमत कळली. एक निवृत्त शिक्षिका पाचला पारावर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मैत्रिणीने दार वाजवलं तर आतून आवाज आला, ‘‘बरं नाहीये, नंतर ये.’’ मैत्रीण काही हलली नाही. ‘‘उघड, नाहीतर वॉचमनला बोलावते.’’ दार उघडलं तेव्हा बाईंचा चेहरा पांढराफटक. टेबलावर मोबाइलवर व्हिडीओ कॉल चालू, पलीकडे पोलिसी गणवेशातला माणूस. बाईंच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणे, ‘डिजिटल अरेस्ट’ झाली म्हणे, आणि ठेव मोडून पैसे ‘तपासणीसाठी’ पाठवायचे म्हणे. आणि सगळ्यांत मोठी ताकीद कोणती? कुणालाही सांगायचं नाही. मैत्रिणीने सरळ फोन बंद करून पदराखाली घातला!

अशी अटक आपल्या कायद्यात मुळात नाहीच. पैसे अजून गेले नव्हते, तरी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण बाईंना धक्का बसला होता तो वेगळाच. ‘‘चाळीस वर्षं मुलांना शहाणपण शिकवलं आणि मीच अशी फसले. कुणाला कळता कामा नये.’’ मैत्रिणीने शब्द दिला. दोन दिवसांनी बाईंनी स्वतःच खडू मागितला आणि नाव न घालता सगळा प्रकार फळ्यावर लिहून काढला, शाळेतल्यासारखा, मुद्दे पाडून.

त्या संध्याकाळी पारावर आणखी दोघींनी तोंड उघडलं. एकीला असाच फोन आला होता, तिने घाबरून सिमकार्डच बदललं होतं. दुसरीचे पैसे गेले होते. किती, ते तिने सांगितलं नाही. मुलालाही सांगितलं नव्हतं. ‘‘तो म्हणेल, आई, आता सगळे व्यवहार माझ्याकडे दे,’’ एवढंच म्हणाली. त्यावर कुणी उपदेश केला नाही. शेजारणीने तिचा हात धरला, आणि दुसऱ्या दिवशी चौघीजणी तिच्याबरोबर बँकेत गेल्या.

गप्पांची दुसरी बाजू मावशीही नाकारत नाही. कुणाचा मुलगा तीन वर्षांत फिरकला नाही, कुणाच्या डब्यात काय उरतं, यावर कुजबुज होते, माणसं दुखावतात. म्हणून त्यांनी एक नियम केलाय. ज्याची गोष्ट त्यानेच सांगायची, आणि दोन दिवस कुणी दिसलं नाही तर चर्चा करायची नाही, जाऊन दार वाजवायचं.

प्रत्येकीच्या आईला किंवा सासूला अशी वसाहत परवडेल असं नाही, आणि आवडेलही असं नाही. पण आपण फोन करतो तेव्हा ‘गोळ्या घेतल्यास का, जेवलीस का’ एवढंच विचारून ठेवून देतो. ती शेजारच्या मांजरीची गोष्ट सांगायला लागली की आपल्याला मीटिंग आठवते. ती ऐकून घ्या. जिला मांजरीचं सांगायची सवय आहे, ती उद्या त्या फोनचंही सांगेल. शेजारच्या एखाद्या काकूंचा नंबर आपल्याकडे ठेवा. ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या फ्रिजवर चिकटवा. आणि आज संध्याकाळी फोन लावाल तेव्हा गोळ्यांच्या आधी विचारा, ‘‘काय गं आई, आज नवीन काय?’’