इंजिनाखालचं रबर

सिग्नलला गाडी उभी आहे. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, आणि स्टिअरिंग धरलेल्या हाताला मुंग्या येताहेत. आरशात मागची एक बस दोन दिसते. गाडी सोडताना क्लचवरून पाय उचलला, की खालून ‘धप्’ असा आवाज येतो. मालक म्हणतो, ‘म्हातारी झाली, आता काढून टाकायची.’ माझं म्हणणं असं, की काढण्याआधी इंजिनाखालचं रबर बघा.

शीव कोळीवाड्यात, म्हणजे ज्या स्टेशनाला रेल्वे आता गुरू तेगबहादूर नगर म्हणते त्याच्या आसपास, गाड्या दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. पूर्वी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी असत, इथून जवळच कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या. तिथलं पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. आता येतात त्या हौशी लोकांच्या चार-दोन पद्मिनी आणि मारुती ८००. तीही २०१४ पासून बनत नाही. या जुन्या गाड्यांचं हे दुखणं मात्र सारखंच.

इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट आवळलेलं नसतं. मध्ये रबराचे ठोकळे असतात, लोखंडी पट्ट्यांना पक्के चिकटवलेले. पुस्तकात त्यांना माउंटिंग म्हणतात; गॅरेजमध्ये आणि स्पेअरच्या दुकानात ‘फाउंडेशन’. पद्मिनीसारख्या गाडीत इंजिनाच्या दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन धक्के देतं. मिनिटाला ८०० फेरे धरले, तर सेकंदाला २७ च्या आसपास धक्के झाले. ते गिळायचे तर रबर मऊ हवं. पण गाडी उचलताना इंजिन पुढच्या शाफ्टला ज्या जोरानं पिळतं, त्याच जोरानं स्वतः उलट बाजूला कलू पाहतं. त्याला धरून ठेवायचं तर रबर कडक हवं. या दोन्हींचा मेळ घालणं सोपं नाही. अमेरिकेत प्लिमथ गाडीनं १९३१ साली इंजिन अशा रबरावर तोललं, तेव्हा त्याची केवढी जाहिरात झाली होती!

आता हे रबर मरतं कसं? इंजिनाच्या उष्णतेनं ते हळूहळू टणक होतं. वरून तेल गळत असेल तर उलट फुगतं, चिकट होतं. आमच्या भागात तिसरं कारण आहे, पाणी. शीवचा सखल भाग दर पावसाळ्यात तुंबतो. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्यानं रबराचं फारसं बिघडत नाही. गंजते ती लोखंडी पट्टी. गंज कडेनं आत शिरतो आणि रबर पट्टीपासून सुटतं. वरून पाहिलं तर ठोकळा शाबूत!

फाउंडेशन बसलं की इंजिन खाली येतं, नाहीतर उड्या मारतं. मग पंखा रेडिएटरला घासतो, पाण्याचा होज ताणला जातो, सायलेन्सरचा पाइप जोडावर तडकतो. पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, म्हणजे बॉडीला, आणि गिअरबॉक्स इंजिनाला. त्यामुळे इंजिन हललं की मधले रॉड जागा सोडतात आणि गिअर अडकतात. लोक इथंच फसतात. कुणी क्लचप्लेट बदलून देतो, कुणी ट्यूनिंग करून देतो. हजारो रुपये जातात आणि थरथर तशीच राहते.

हे केवळ गैरसोयीचं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला १९६५ ते १९६९ सालच्या सुमारे ६७ लाख शेव्हर्ले गाड्या परत बोलवाव्या लागल्या. माउंटिंग तुटलं की इंजिन एका बाजूनं उचललं जाई आणि त्याबरोबर अॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन गाडी आपोआप वेग घेई.

तपासणी सोपी आहे, पण दोन माणसं हवीत. बॉनेट उघडा, हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना दगड लावा. एकानं ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा, क्षणभरच सोडायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कधीही उभं राहू नका. इंजिन थोडं कलणारच. दोन बोटं उचललं आणि आदळलं, तर फाउंडेशन गेलं. मात्र एखादा सिलिंडर मिस होत असला तरी गाडी थरथरते. रेस वाढवूनही सायलेन्सरचा आवाज अडखळत राहिला, तर आधी प्लग बघा.

बदलताना जॅक थेट ऑइलच्या चेंबरला लावू नये, पत्रा चेपतो. मध्ये जाड लाकडी फळी घाला आणि इंजिनाचं वजन फक्त पेलून धरा. गाडी उचललेली असेल तर ती पक्क्या घोड्यांवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. एका वेळी एकच फाउंडेशन काढायचं, पण बदलायची सगळी. एक नवं आणि दोन बसकी ठेवली, तर सगळा भार नव्यावर येतो. सायलेन्सरचा क्लॅम्प आधी सैल करा, नाहीतर पाइप इंजिनाला खेचून ठेवतो आणि नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. सगळे नट हातानं लावून इंजिन क्षणभर चालू करा, ते आपली जागा घेईल. मग बंद करून नट आवळा.

खरी अडचण माल मिळण्याची. ऑपेरा हाउसच्या दुकानांत पद्मिनीचं ‘नवं’ फाउंडेशन मिळालं, तरी ते वीस वर्षं फळीवर पडलेलं असू शकतं. नख रुतवून बघा, वाकवून कडेला बारीक चिरा दिसतात का बघा. आपल्याकडे टायरचा तुकडा कापून बसवायची युक्ती जुनी आहे. वेळ मारून न्यायला ठीक. पण टायरमध्ये धाग्यांचे थर असतात, तो धक्का गिळत नाही, थेट बॉडीला देतो. रबर बसवताना ग्रीस लावू नका.

आठवड्याभरानं गाडी पुन्हा आणून नट तपासून घ्या. रबर थोडं दबतं आणि आवळलेला नट सैल होतो.