धनुष्य घडविताना धनुर्वात विसरू नका

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक दवाखान्यात आले. डाव्या हाताचे बोट सुजलेले, वर हळद आणि चिंधी. "काय झाले, सर?" असे विचारले तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "डॉक्टर, नातवासाठी धनुष्य करतोय. जुन्या चौकटीतला खिळा घुसला. झाले तीन दिवस."

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हापासून नातवाला धनुष्याचा ध्यास. तिचे धनुष्य कंपाउंड प्रकारचे, महागडे. म्हणून आजोबांनी लाकडाचे करायचे ठरविले. जखम धूत असताना त्यांनी सारी कृती सांगितली. पाडलेल्या वाड्याच्या सागवानी चौकटीतून मूठ कापायची. बांबू आणि सागवानाच्या पातळ पट्ट्या इपॉक्सीने एकावर एक चिकटवून, साच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधायच्या. रात्रभरात त्यांचे दोन बाहू तयार होतात. मग दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत थोडे थोडे तासायचे आणि बोल्टने मुठीला जोडायचे. असे धनुष्य सोडवून पिशवीत घालता येते, एस.टी.त अडचण होत नाही.

मी विचारले, "धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली?" सर आठवू लागले. आठवेना.

वाचकहो, हा प्रश्न स्वतःलाही विचारून पाहा. बऱ्याच स्त्रियांना गरोदरपणी ही लस मिळालेली असते. पन्नाशी-साठीच्या अनेक पुरुषांचे मूळ तीन डोस मात्र कधी पुरे झालेलेच नसतात.

धनुर्वात गंजामुळे होतो हा गैरसमज आहे. त्याचे जंतू माती, धूळ व शेणात सुप्तावस्थेत असतात. खिळ्यासोबत ते खोल जातात. तेथे हवा पोहोचत नाही, म्हणून ते वाढतात आणि विष तयार करतात. लक्षणे बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात. आधी जबडा आखडतो, गिळताना त्रास होतो, मग मान-पाठ ताठ होते. शरीर मागे धनुष्यासारखे वाकते, म्हणूनच हे नाव. एकदा विषाने मज्जातंतू पकडले की उपचार अवघड होतात आणि रोगी दगावू शकतो.

तीन दिवस उलटले होते, तरी वेळ गेली नव्हती. सरांना लस आणि तयार प्रतिपिंडांचे इम्युनोग्लोब्युलिन, अशी दोन्ही इंजेक्शने दिली. सुजेसाठी प्रतिजैविक दिले. आता पूर्वीच्या टी.टी.ऐवजी टी.डी. लस देतात. तीत घटसर्पाचेही संरक्षण आहे. आधी काहीच घेतले नसेल तर दुसरा डोस महिन्याने आणि तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी घ्यावा. तिन्ही पुरे झालेल्यांनी प्रत्येक ओरखड्याला सुई टोचून घेण्याचे कारण नाही. मात्र जखम खोल वा मातीने माखलेली असून शेवटच्या डोसला पाच वर्षे झाली असतील, तर घ्यावी. स्वच्छ, लहान जखमेला ही मुदत दहा वर्षांची. जखम लगेच वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. हळद भरून चिंधी बांधू नये.

सरांच्या पापण्याही सुजल्या होत्या. तो इपॉक्सीच्या हार्डनरचा प्रताप. हीच बोटे डोळ्यांना लागली होती. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. अंगाला लागलेले द्रव्य थिनरने नव्हे, साबणाने धुवावे. घासताना उडणारी बारीक धूळ रुमालाने अडत नाही. त्यासाठी एन-९५ मास्क हवा. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून असे लाकूड घासताना मुलांना जवळ फिरकू देऊ नये. करवत लावण्यापूर्वी सगळे खिळे चिमट्याने काढावेत.

महिन्याने सर दुसऱ्या डोसला आले, ते पिशवीतून तीन तुकडे घेऊनच. टेबलावर जोडून दाखविले. मी हौसेने दोरी ओढली, तसे ते ओरडले, "बाण नसताना सोडू नका, डॉक्टर! बाहू तडकतील."

मी दोरी हळूच परत नेली. त्यांनी माझे ऐकले होते. मलाही त्यांचे ऐकणे भाग होते.